शेवंतीकाकीचा पितळी टोप

शेवंतीकाकीचं नाव निघालं की आमच्या चाळीतली जुनी माणसं अजून म्हणतात, "बाई मोठी धीराची होती हो!" कसली धीराची? मला विचारा ना. भांडुपला टेकडीखालच्या त्या चाळीत तिच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. पलीकडे काकीने उसासा टाकला तरी इकडे मला ऐकू यायचा. बाई भित्री होती, अगदी पहिल्या नंबरची. आणि त्या भीतीपोटीच तिने चाळीतल्या दहा-दहा वर्षांच्या पोरांना धंद्याला लावलं.

भीती कुठून आली तेही सांगते. तिचा नवरा, सहदेवभाऊ, एल.बी.एस. रोडवर एका रबराच्या कारखान्यात कामाला होता. एकवीस वर्षं तिथेच. ब्याऐंशी साली एका सकाळी डबा घेऊन गेला आणि नऊ वाजता तोच भरलेला डबा घेऊन परत आला. गेटला टाळं. काकीने डबा हातात घेतला, तो अजून गरम होता. ती मला नेहमी सांगायची, "प्रेमा गो, तो गरम डबो हाताक लागलो ना, तेव्हाच माझ्या पायातला बळ गेला." त्यानंतर दोन-तीन वर्षं झाली तरी सकाळी कामावर गेलेलं कुणी मध्येच परत येताना दिसलं की ती दारातून आत पळायची. माणूस छत्री विसरला म्हणून परत आलेला असायचा, आणि हिच्या तोंडचं पाणी पळालेलं.

सहदेवभाऊ नंतर कुठे ना कुठे मिळेल ते काम करायचा. काकीने मालवणहून आमसुलं, कुळीथ, तांदूळ असं आणून विकायला सुरुवात केली. त्यात तिचं घर तरलं. मग तिच्या डोक्यात एकच खूळ बसलं, की चाळीतलं एकही पोर नोकरीच्या भरवशावर वाढू द्यायचं नाही. स्वतःला मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळ्यांची पोरं हिचीच. म्हणायची, "चाकरी म्हणजे दुसऱ्याच्या घरातलो दिवो. फुंकर तो मारतलो आणि काळोख आपल्या घरात."

तिची एक पद्धत होती. चाळीतल्या कुठल्याही पोराला दहावं वरीस लागलं की ती त्याला एक वस्तू द्यायची. पैसा कधी नाही. दशरथला थर्माकोल कापायचं पातं दिलं, तो गणपतीची मखरं करून विकायला लागला. शकुला कात्री दिली, तिच्या राख्या पार मुलुंडपर्यंत जायला लागल्या. वस्तू हातात ठेवायची आणि म्हणायची, "ह्याच्यातून काय ता काढ." तिचा नियम एकच होता. खायची-प्यायची वस्तू असेल तर पहिला घास, पहिला पेला विकणाऱ्याने स्वतः घ्यायचा, तोही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर.

आता माझं सांगते. मी तोंडाची फटकळ, ते चाळीत सगळ्यांना ठाऊक. सातारकडची मी, मनात आलं की तोंडात आलंच. काकीशी माझं यावरून कडाक्याचं भांडण व्हायचं. मी म्हणायचे, "काकी, माझी मीरा शाळा शिकणार, बँकेत लागणार. ती काय रस्त्यावर बसून ओरडणार आहे का?" काकी शांतपणे म्हणायची, "ओरडांदे गो जरा. आवाज तरी फुटांदे तिचो." हे मला झोंबायचं, कारण खरं होतं. माझी मीरा इतकी लाजरी की दुकानात पाठवली तर वाण्याने विचारेपर्यंत नुसती उभी राहायची. मी एवढी बोलघेवडी आणि ही अशी कशी निपजली, हे माझ्या नवऱ्यालाही कोडंच होतं.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत मीराला दहावं लागलं. त्या संध्याकाळी काकी आली ती पदराखाली एक पितळी टोप घेऊन. मोठा, चांगला दहा-बारा लिटरचा. तिच्या सासूचा होता. घासून असा लख्ख केलेला की मीराचं तोंड त्यात दिसत होतं. काकी म्हणाली, "उन्हाळो येता. माझ्याकडली आमसुलां घे, सरबत कर नि वीक." मी तोंड उघडायच्या आत मीराने टोप पोटाशी धरला होता.

मार्चपासून ती चाळीच्या तोंडाशी, पिंपळाखाली बसायला लागली. सरबत करायची स्टीलच्या डब्यात. पितळी टोपात नुसतं गार पाणी आणि बर्फ, त्यात डबा ठेवायचा, म्हणजे सरबत थंड राहायचं. राजाराम आणि लता यांची पाच वर्षांची सुजाता तिची सावलीच झाली. राजाराम कुर्ल्याला रेल्वेत होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली ती पोर, लता तिला तळहाताच्या फोडासारखी जपायची. पण मीराताईकडे म्हटलं की बिनघोर सोडायची. सुजाता पेले विसळायची, मीरा "कोकम सरबत, थंडगार!" म्हणून ओरडायची. पहिल्यांदा मी तो आवाज खिडकीतून ऐकला ना, तव्यावरची पोळी करपली. माझी पोर ओरडत होती! महिन्याभरात मीच नळावर बायकांना सांगत सुटले, "आमच्या मीराचं सरबत प्यायलीस की नाही?" शेवंतीकाकी नुसती हसायची. एकदा तेवढं म्हणाली, "आता बँकेचा काय?"

कल्हईचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा मुलामा देतात, ती कल्हई. ती उडाली की त्या भांड्यात ताक, चिंच, कोकम असलं आंबट काही ठेवायचं नाही. ठेवलं तर कळकतं, आणि कळकलेलं पोटात गेलं तर विष होतं. हे आमच्या पिढीतल्या बाईला शिकवावं लागत नाही. पूर्वी कल्हईवाला महिन्याला यायचा, गल्लीत भाता लावून बसायचा. पण तोवर घरोघरी स्टील आलं होतं आणि कल्हईवाला सणासुदीलाच दिसायचा.

एप्रिलच्या शेवटी मी तो टोप चिंचेने घासत होते. तळाशी पांढरं जाऊन तळहाताएवढा पिवळा डाग उघडा पडलेला दिसला. मी मीराला म्हणाले, "कल्हई उडालीय गं. कल्हईवाला आला की लावून घेऊ. तोवर यात काही आंबट टाकू नको." ती हो म्हणाली. त्यात बर्फाचं पाणीच तर असायचं. मी विसरून गेले.

एक मेला चाळीच्या मंडळाने पिंपळासमोरच्या मैदानात पोरांच्या शर्यती ठेवल्या होत्या. मंडळाचा सेक्रेटरी धोंडिराम आदल्या दिवशी दुपारी येऊन मीराला म्हणाला, "सत्तर पोरांचं सरबत तुझ्याकडे. जमेल ना?" माझी छाती फुगली. मीच म्हणाले, "जमेल म्हणजे? न जमायला काय झालं!" नंतर मी शिलाईचे कपडे द्यायला घाटकोपरला गेले. तिथे उशीर झाला, आल्यावर दमून आडवी झाले.

पहाटे पाचला नळाला पाणी यायचं. मी उठले, चूल-कोपऱ्यात आले, आणि बघते तर पितळी टोप फडक्याने झाकून ठेवलेला. फडकं उचललं. आत आमसुलं भिजत घातलेली, पाणी लालभडक झालेलं. पोरीची काय चूक? सत्तर पोरांची आमसुलं मावणार कशात? घरात दुसरं एवढं भांडंच नव्हतं. मी दिलेली ताकीद विसरली, किंवा तिला वाटलं, भिजत घालणं म्हणजे काही सरबत नव्हे.

मी पळी बुडवून जिभेला लावली. घशाला चरचरलं. पैशाचं नाणं तोंडात धरल्यासारखी चव.

मला कळलं. तेव्हाच कळलं. देवाशपथ सांगते, मला कळलं नाही असं मी कधी स्वतःलाही सांगितलं नाही. ते सगळं मोरीत ओतायचं होतं, एवढंच करायचं होतं. पण ओतलं तर सत्तर पोरांना काय देणार? धोंडिराम काय म्हणेल? "न जमायला काय झालं" म्हणून मिरवणारी मी, नळावर बायका मला काय म्हणतील? मीरा डोळे चोळत मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आई, बरोबर झालंय?" आणि मी म्हणाले, "साखर जरा जास्त घाल. होईल बरोबर."

एवढं बोलून मी हंडा उचलला आणि नळावर गेले.

मैदानात शर्यती सुरू झाल्या. मीरा नियमाप्रमाणे पहिला पेला सगळ्यांसमोर प्यायली. जरासं तोंड वाकडं केलं, मग माझ्याकडे बघून हसली.  मी सावलीत बसून एकेका पोराकडे बघत होते. कुणी दोन घोट पिऊन टाकून दिलं, कुणी "कडू लागतंय" म्हणालं. मला वाटलं, बरं झालं, नका पिऊ रे. पण सुजाता लिंबू-चमच्यात पहिली आली आणि मीराताईचं सरबत म्हणून चार पेले प्यायली. वरून साखर भरपूर होतीच.

अर्ध्या तासात पहिलं पोर ओकलं. मग दुसरं. मग मैदानभर तेच. आया धावत आल्या. मीराही पिंपळाला धरून दोनदा ओकली आणि मग बरी झाली. बरीचशी पोरं ओकून मोकळी झाली. सुजाता मात्र झाली नाही. तिचं पोट पिळवटून निघत होतं, ओकून ओकून नुसतं हिरवट पाणी पडत होतं, आणि दुपारी एकपर्यंत तिचे डोळे फिरले. राजारामने तिला उचलली, रिक्षा केली. लता माझ्याकडे बघून ओरडली, "प्रेमा, चल गं माझ्याबरोबर!" मी गेले. मला दुसरं काय करता येणार होतं?

म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, "काय खाल्लं होतं?" राजाराम म्हणाला, "सरबत." डॉक्टर म्हणाला, "बर्फ कुठला?" तेवढ्यात मागून धोंडिराम आणि आणखी चार जण आले, सगळे एकदम बोलायला लागले, बर्फ गटाराच्या पाण्याचा असतो, बर्फवाल्याला धरला पाहिजे. डॉक्टर नर्सला म्हणाला, "कॉलरासारखं दिसतंय. साथीच्या वॉर्डात घ्या."  साथीचा वॉर्ड म्हटल्यावर लताने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं वाटतंय गं."

मी जन्मभर तोंड चालवलं. वाण्याशी, घरमालकाशी, रेशनवाल्याशी, कुणाशी म्हणून माघार घेतली नाही. आणि नेमकी त्या वेळी माझी दातखीळ बसली. दोन शब्द बोलायचे होते, 'भांडं कळकलं.' तेवढे शब्द डॉक्टरला सांगितले असते तर त्याला कळलं असतं काय करायचं ते. पण दारात हवालदार उभा होता. धोंडिराम म्हणत होता, "ज्याची चूक असेल त्याला आत टाकला पाहिजे." मला दिसत होतं, मला नेतायत, मीरा दारात रडतेय. पाचावर धारण बसली म्हणतात ती अशी. लताचा हात माझ्या हातात गरम झाला होता, आणि आतून तिची पोर कण्हत होती, तेही मला ऐकू येत होतं. तरी मी गप्प. पाऊण तास मी गप्प उभी राहिले.

पाऊण तासाने शेवंतीकाकी आली. चप्पल नाही पायात, धापा टाकत. कुणाशी न बोलता सरळ डॉक्टरसमोर गेली. ती एवढी थरथरत होती की तिला टेबलाला धरावं लागलं. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हा कॉलरा नाही. पितळेच्या टोपात आमसुलां रातभर भिजत होती. टोपाक कल्हई नव्हती. टोप माझो. मी दिलंय पोरांक. कल्हई बघूची ती मी बघूक नाय. माझी चूक."

डॉक्टर ताडकन उठला. "आधी का नाही सांगितलं?" म्हणून तो तिच्यावरच ओरडला, आणि आत पळाला. सुजाताचं पोट धुतलं, सलाईन लावलं, साथीच्या वॉर्डातून हलवलं. हवालदाराने काकीचं नाव-गाव लिहून घेतलं. राजाराम तिच्या अंगावर धावून गेला होता, त्याला लोकांनी धरलं. तो ओरडत होता, "तुला मूल नाही, तुला काय कळणार!" काकी भिंतीला टेकून उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती एकही शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही.

दोन दिवस सुजाता डोळे उघडेना. चाळीत कुणी मोठ्याने बोलेना. मी देवासमोर बसायचे, पण देवाशी बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? तिसऱ्या दिवशी सकाळी राजाराम चहाची किटली न्यायला घरी आला आणि गल्लीतूनच म्हणाला, "पाव मागितला तिने." सगळ्या बायका बाहेर आल्या. मी आतून दाराला कडी लावून रडले.

पोर वाचली. पण काकी संपली. हवालदाराने सहदेवभाऊला दोनदा चौकीवर बोलावून बसवून ठेवलं, मग राजारामनेच तक्रार नको म्हटलं म्हणून ते मिटलं. चाळीने मात्र मिटवलं नाही. एका सकाळी मी दार उघडलं तर काकीच्या उंबऱ्यासमोर वस्तू पडलेल्या. दशरथचं पातं, शकुची कात्री, कुणाचा सोऱ्या, कुणाची चाळण. ज्यांना ज्यांना तिने काही दिलं होतं, त्यांच्या आयांनी आणून टाकलेलं. काकी बाहेर आली, खाली बसली, एकेक वस्तू पदराने पुसून आत नेली. मी दाराच्या फटीतून बघत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर घासही गिळवत नव्हता.

आणि मीरा. मीरा पुन्हा मुकी झाली. पूर्वीपेक्षा वाईट. हो, नाही, एवढंच. खेळायला जाणं बंद, लताच्या दारावरून जाणं बंद. शकु बोलवायला आली तर ही आतूनच मान हलवायची. बोलता बोलता मध्येच तोंडावर हात ठेवायची. मी समजत होते, पोरीने सरबताची भीती घेतली. टोप मी माळ्यावर टाकला होता, तिच्या नजरेआड. आमचे हे म्हणायचे, "जाईल हळूहळू." मीही म्हणायचे, "जाईल."

जूनच्या सुरुवातीला फळीपलीकडे ट्रंका ओढल्याचे आवाज यायला लागले. सहदेवभाऊ दारात भेटला, म्हणाला, "गावाक जातंव. हय आता ऱ्हवान काय करूचा? कोण बोलता आमच्याशी?" रविवारची एस.टी. होती. मी घरात आले, चूल पेटवली, विझवली, परत पेटवली. मग उठले आणि काकीच्या दारात जाऊन उभी राहिले.

ती भांडी गोणपाटात गुंडाळत होती. मी म्हणाले, "काकी, मला माहीत होतं. कल्हई उडालेली मी बघितली होती. त्या पहाटे मी चाखून बघितलं होतं. साखर घाल म्हणून मीच सांगितलं पोरीला."

काकीने मान वर केली नाही. म्हणाली, "माका ठावूक आसा."

"कसं?"

"त्याच दिवशी. तुम्ही रिक्षात बसून गेलास, नि मीरा पिंपळाखाली एकटीच टोप घेऊन बसलली. मी तळ बघितलंय. तिका विचारलंय, आयेन बघूक नाय? तर ती रडाक लागली. सगळा सांगितल्यान. मगे मी धावत इलंय."

मी उंबऱ्यावरच बसले. "मग माझं नाव का नाही घेतलंत? राजाराम तुमच्या अंगावर आला, चौकी झाली, चाळीने वाळीत टाकलं. मी पलीकडे जेवत होते आणि तुम्ही..."

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "भिया नव्हता काय माका? हवालदाराक बघून माझा पाणी झालेला. पण पोरगी दहा वर्षांची गो. धंदो बुडलो तर परत उभो करता येता. तिची आईच बुडली तर ती खयं जातली?"

मी उठून घरी आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नळावर सगळ्या होत्या. लताचा हंडा नळाखाली होता. मी गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. कल्हईचं सांगितलं, चाखल्याचं सांगितलं, साखरेचं सांगितलं, हॉस्पिटलात पाऊण तास गप्प राहिल्याचं सांगितलं. माझी जीभ अडखळत होती, पण मी थांबले नाही. शेवंतीकाकीची काही चूक नाही, हे दोनदा सांगितलं. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.  हंडा भरून वाहत होता, लताचं लक्ष नव्हतं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मी हात धरला होता गं तुझा." मग तिने हंडा उचलला आणि गेली. लता आजही माझ्याशी बोलते, हळदीकुंकवाला येते. पण तिने पुन्हा कधी माझा हात धरला नाही, आणि मी त्यात तिला दोष देत नाही.

मी रिकामाच हंडा घेऊन परत आले. मीरा दारात उभी होती. नळ काही लांब नव्हता, तिने सगळं ऐकलं होतं.

"आई, सगळं सांगितलंस?"

"हो."

"साखरेचं पण?"

"साखरेचं पण."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग आता मी बोलले तर चालेल?"

"म्हणजे काय गं? तुला कुणी नको म्हटलं होतं?"

"मला वाटायचं, बोलता बोलता तुझं नाव निघेल तोंडातून. मग तुला पोलीस नेतील. म्हणून मी कुणाशी बोलतच नव्हते."

माझी पोर एक महिनाभर माझ्यासाठी तोंड मिटून बसली होती, आणि मी समजत होते तिला टोपाची भीती बसली. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर ती माझ्या हाताखालून सटकली. स्टुलावर चढली आणि माळ्यावरचा टोप ओढून काढला. टोप पोटाशी धरून फळ्यांच्या भिंतीपाशी गेली आणि मुठीने धडाधड थापा मारायला लागली.

"काकी! ए काकी! मी मीरा! गावाला जाऊ नकोस गं! टोप आहे माझ्याकडे! मी बसू का परत पिंपळाखाली?"

एवढ्या मोठ्याने ओरडली की वरच्या चाळीतली माणसं बाहेर आली. पलीकडे ट्रंकेचा आवाज थांबला.  मग फळीमागून काकीचा आवाज आला, रडका आणि घाबरलेला.

"आधी कल्हईवालो येवंदे गो बाय. मगे बघू."